जादा पाटे

आमच्या भागात कोणी गाडी घेतली की ती आधी देवळात जात नाही, कमानवाल्याकडे, म्हणजे चाकांवरच्या पाट्यांच्या स्प्रिंगा करणाऱ्याकडे जाते. जीप असो, मेटॅडोर असो, कंपनीनं कमानीत एकावर एक बसवलेल्या लोखंडी पाट्यांवर आमच्या माणसाचा विश्वासच बसत नाही. कापूस भरायचा, ढेप भरायची, लग्नाची माणसं कोंबायची, तेव्हा मागच्या दोन्ही कमानींत एकेक पाटा जादा टाकून घ्यायचा आणि मग हार-नारळ. माझ्या बाबांनी तर आमच्या अँबॅसडरमध्ये दोन-दोन टाकले होते. नेरजवळच्या आमच्या गावात त्यांचं जनावरांच्या ढेप-सरकीचं दुकान होतं, आणि यवतमाळहून माल आणायला वेगळी गाडी कशाला, म्हणून मागची सीट काढून ते त्याच गाडीत पोती रचायचे. पुढं बाबा गेले, दुकान बंद झालं, सीट परत बसवली गेली. पाटे तेवढे राहून गेले. ते जादा आहेत हे मला तेव्हा माहीतही नव्हतं.

गाडी आदळते हे मात्र माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. मी नेरच्या कॉलेजात शिकवायला त्याच गाडीनं जात-येत होते आणि माझी कंबर तिला सरावली होती. आईची किडनी गेली तोवर गाडी आदळणं हा मला आजार वाटलाच नव्हता, स्वभाव वाटला होता.

डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी. यवतमाळला सकाळी आठला मशीन लागायचं, म्हणून आम्ही सहा-सव्वासहाला घर सोडायचो. गावापासून नेरपर्यंतचा आठ किलोमीटरचा रस्ता मुरमाच्या टिप्परांनी खाऊन टाकलेला. पुढं मोठा रस्ता, पण तो रुंद करायला घेतलेला, म्हणजे मैलामैलावर वळण, कच्ची माती आणि मध्येच डांबराची उंच पायरी. पुण्याला असलेला माझा भाऊ फोनवर दर आठवड्याला एकच सांगायचा, ते डबडं भंगारात दे आणि चांगली टॅक्सी लाव. टॅक्सी लावूनही पाहिली होती. बंद काचांच्या त्या ठेंगण्या गाडीत आईला वाकून बसता येईना, आणि नेर येईस्तोवर तिला दोनदा उलटी झाली. अँब्युलन्सचं नाव काढलं की ती म्हणायची, त्यात मेलेल्या माणसाले नेतात, मी अजून हाय. अँबॅसडरची सीट उंच आणि लांब, पाय पसरून लवंडता येतं. ही कारणं खरी होती. पण मला ती गाडी सोडायची नव्हती हेही खरं होतं, आणि ते मी भावाला कधी सांगितलं नाही. आमच्या घरात हट्ट बाबांकडून आला आहे. खाण तशी माती.

आईनं आयुष्यात कशाची तक्रार केली नव्हती. बाबांच्या चिडण्याची नाही, दुकानातल्या उंदरांची नाही, मी लग्न केलं नाही त्याचीसुद्धा फारशी नाही. मशीनच्या सुया हातात जायच्या तेव्हा ती छताकडं बघत राहायची, तिथल्या सिस्टर तिचं उदाहरण दुसऱ्यांना द्यायच्या. त्या बाईनं चौथ्या-पाचव्या महिन्यात गाडीबद्दल कुरकुर सुरू केली. आधी नुसतं, जरा हळू घे. मग गाडीत बसलं का पोटात आतडे हालतात. मग जायच्या आदल्या दिवसापासूनच, उद्या पुन्हा ते हादरे. एका गुरुवारी ती उठलीच नाही. कंबर धरली आहे, गाडीत बसवत नाही, एक दिवस गेला तर काय होते, असं म्हणाली. मी फार भांडले नाही. मलाही त्या दिवशी कंटाळा आला होता, खोटं कशाला सांगू.

शनिवारपर्यंत तिचे पाय सुजले आणि रविवारी सकाळी तिला आडवं होता येईना. उशांना टेकून बसवलं तर श्वास चाळणीतून आल्यासारखा यायचा. तसंच घेऊन यवतमाळला पळाले. डॉक्टरांनी पाणी काढलं, ती वाचली, आणि मला बाहेर बोलावून त्यांनी शांतपणे सांगितलं की पुढची पाळी चुकवली तर गाडीत घालून आणायची वेळही राहणार नाही. एवढ्या साध्या शब्दांत सांगितलेली गोष्ट मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. परतताना मी मनात पक्कं केलं की या बाईला जगवायचं असेल तर ही गाडी मऊ करायला हवी. बाकी सगळं डॉक्टर आणि मशीन बघतील, गाडी माझ्याकडे.

बायपासवर ट्रकांचं काम करणारा एक मिस्त्री होता, त्याच्याकडे गेले. त्यानं मागच्या बंपरवर पाय ठेवून दोनदा दाबलं, खाली वाकून पाहिलं आणि निदान केलं की कमान कमजोर झाली, आणखी एकेक पाटा टाकू. गाडी आदळते म्हणजे कमान कमजोर, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल. मी अर्थशास्त्र शिकवते, दोन विषयांत एमए आहे, आणि मी मान डोलावून म्हटलं, टाका. वर टायरांत हवाही कडक भरून घेतली, खड्ड्यात रिम वाकायला नको म्हणून.

तो सोमवार मी विसरणार नाही. गाडी आदळत नव्हती, उडत होती. आई मागं बसून वरच्या पट्ट्याला लोंबकळली होती, आणि मी जितकी जपून चालवायचा प्रयत्न करत होते तितकी ती आणखी उडत होती. नेरच्या पुढं डांबराची एक पायरी मला दिसली नाही. मागून आवाज आला. आरशात पाहिलं तर आईनं पदर तोंडाला लावला होता आणि पदराला रक्त होतं. जीभ चावली गेली होती. आणि मी काय केलं? मी थांबले नाही. मी ओरडले, नीट धरून बसता येत नाही का तुला. सत्तरीला आलेली, हाताला सुयांच्या गाठी आलेली माझी आई, तिला मी नीट धरून बसता येत नाही का म्हणून विचारलं. तिनं पट्टा आणखी घट्ट धरला. त्या दिवशी मशीनवर असताना मी तिच्याजवळ बसले नाही, बाहेर बाकड्यावर बसून राहिले, कारण मला माझीच लाज वाटत होती.

वाट दिसली ती भलत्याच गोष्टीतून. शेजारच्यांची म्हैस व्याली होती, त्यांनी यवतमाळहून ढेपेची दोन पोती आणायला सांगितली. गुरुवारी परत येताना ती डिकीत टाकली. गावाच्या वळणापाशी मी आरशात पाहिलं तर आई झोपली होती. तोंड किंचित उघडं, मान सीटला टेकलेली. त्या रस्त्यावर मी तिला झोपलेलं प्रथमच पाहत होते. मग माझ्या ध्यानात आलं की गाडीनंही त्रास दिला नव्हता. पुढच्या सोमवारी मी डिकीत मुद्दाम तीन पोती भरली. हादरे पुन्हा कमी झाले, पण कोंदट उन्हात ढेपेचा वास गाडीभर झाला आणि मशीनवरून उतरलेल्या आईला तो सोसेना. वाटेत तीनदा थांबावं लागलं. तिसऱ्यांदा तोंड पुसत ती म्हणाली, तुह्या बाबानं अख्खं दुकान मागं बसवलं काय. आम्ही दोघी थोडं हसलो. तिचं हसू लगेच विरलं.

पोत्यांनी गाडी मऊ होते तर पोत्यांशिवाय ती कडक का, हे विचारायला मी यवतमाळच्या कमानवाल्यांच्या गल्लीत गेले. बाबा कोणाकडे जायचे ते अंदाजानं विचारत गेले. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून एक म्हातारा चाचा भट्टीपुढं स्टुलावर बसला होता. आजूबाजूला ट्रकांचे तुटके पाटे रचलेले, तेलात विझवलेल्या लोखंडाचा वास. त्यानं गाडी ओळखली, मला नाही. ढेपवाल्याची गाडी, म्हणाला, आणि बाबा कुठं आहेत असं विचारलं. त्यांना जाऊन सात वर्षं झाली म्हटल्यावर त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग उठून सरळ गाडीखाली गेला. त्या वयाचा माणूस इतक्या सहज पाठीवर सरकत जाईल असं वाटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यानं सांगितलं ते मी जवळजवळ जसंच्या तसं लिहिते. “बेटी, गाडी कमजोर नाही हाय. जरूरतीपेक्षा जादा मजबूत झाली. दोन-दोन पाटे मीच टाकले होते, दहा पोत्यांच्या हिशेबानं. आता पोते नाही, तरी कमान वाट पाहून राह्यली. तिच्यावर एक म्हातारी बाई बसवली तर ती दबनच कायले?”

मी म्हटलं, मग काढा. तो हसला. चाळीस वर्षांत पाटा टाकायला माणसं आली, तुटलेला बदलायला आली, पण चांगला पाटा काढून द्या म्हणणारं कोणी आलं नव्हतं. काढल्यावर गाडी मागून बसेल, पोतं टाकता येणार नाही, गावात लोक गाडी बसली म्हणतील, हे सगळं त्यानं मला बजावलं. मी काय होते ते होऊ द्या म्हणाले. मशीनचे चार तास आहेत, तेवढ्यात होईल का, असं विचारलं. गुरुवारी साडेआठला आण, म्हणाला. जाताना त्यानं चारही चाकांतली हवा कमी करून दिली. एवढ्यानंच परतीचा रस्ता थोडा बरा झाला, आणि इतके दिवस आपण दगडाच्या चाकांवर आईला नेत होतो हे कळून मला पुन्हा स्वतःचा राग आला.

गुरुवारी आईला मशीनला लावून मी गाडी गल्लीत नेली. चाचानं मागचा भाग उचलून ठोकळ्यांवर ठेवला, चाकं काढली. कमान आसाला घट्ट धरणारे बोल्ट गंजून बसले होते, ते छिन्नीनं तोडावे लागले. सगळी कमान खाली आली तेव्हा त्यानं मला जवळ बोलावून दाखवलं. गाडी खड्ड्यात गेली की पाटे एकमेकांवर थोडे सरकले पाहिजेत, तेव्हा हादरा मुरतो. आमचे गंजून एकमेकांना चिकटले होते, सगळे मिळून एकच लोखंड झालं होतं. त्यानं ते हातोड्यानं सुटे केले, तारेच्या ब्रशनं घासले, टोकांच्या धारा मोडल्या, प्रत्येक थराला काळं ग्रीस लावलं. टोकांचे रबरी बूश झिजून चामड्यासारखे झाले होते, ते बदलले. मागचे शॉकअप नुसते शोभेला होते, तेही नवे टाकले. बाबांचे आणि मी घालून घेतलेले जादा पाटे त्यानं भिंतीशी उभे केले. घेऊन जाणार का विचारलं. मी नको म्हणाले. त्या लोखंडावर आमचं शिक्षण झालं होतं, भावाची इंजिनिअरिंगची फी भरली गेली होती, आणि मला ते घरात नको होतं.

गाडी खाली उतरवल्यावर चाचा हात धुऊन आला, मागचं दार उघडलं आणि सरळ सीटवर आडवा झाला. आई कोणत्या कुशीवर निजते असं विचारलं. डावा हात सुयांचा, म्हणून उजव्या कुशीवर, मी सांगितलं. तो उजव्या कुशीवर वळला, डावा हात पोटाशी घेतला आणि म्हणाला, मी पेशंट, चाल. मी त्याला गल्लीतून, जुन्या रेल्वेच्या फाटकावरून, वाईटातल्या वाईट रस्त्यानं फिरवून आणलं. तो डोळे मिटून पडला होता. परत आल्यावर म्हणाला की कमान ठीक आहे, पण खड्डा दिसला की तू आधीच घाबरून ब्रेक मारते, त्यानं पेशंट पुढं फेकला जातो. खड्ड्यात जाऊ दे, आता ती सांभाळते. मला रडू आलं. परक्या माणसानं माझ्या आईसारखं निजून पाहिलं होतं, आणि हे मला इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं.

त्या दुपारी आईला घेऊन निघाले. डांबराची पायरी आली, मी ब्रेक मारला नाही, गाडी खाली बसली आणि वर आली, बस्स. मी आरशात पाहिलं. आई जागी होती, बाहेर बघत होती. नेरपर्यंत मी तिला चारदा विचारलं असेल, कसं वाटते, लागते का. चांगलं झालं, म्हणाली. पाचव्यांदा विचारल्यावर नुसती मान हलवली. मला वाटलं थकली आहे. मी इतकी खूश होते की गावाच्या वळणावर गाणं गुणगुणत होते.

सोमवारी सकाळी मी गाडी काढून दारात लावली. आई ओसरीवर बसली होती, पातळ नेसलेलं, पण चप्पल घातलेली नव्हती. मी चप्पल पुढं सरकवली. तिनं ती पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

“गाडी लय चांगली झाली व,” ती म्हणाली. “आता मले सांगायले काही राह्यलं नाही.”

मला कळलं नाही. काय सांगायले, मी विचारलं.

“मले नाही जायचं. गाडीपायी नाही. मले जायचंच नाही आता.”

मी तिच्यापुढं खाली बसले. तिनं मला सांगितलं, एकदाच आणि सावकाश, की सुया टोचतात त्याचं काही नाही, मशीनवर चार तास थंडी वाजते त्याचंही नाही, पण आठवड्यातले दोन दिवस तिथं जातात, दोन दिवस त्यातून सावरण्यात, आणि उरलेले पुन्हा जायचं आहे या विचारात. जगण्यासारखं मध्ये काही सापडत नाही. जेवण चवीचं नाही, पाणी घोटाघोटानं, झोप नाही. तिला हे चौथ्या महिन्यातच कळलं होतं.

“मंग तवाच काहून नाही सांगतलं?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

“तू ऐकलं असतं? गाडीचं ऐकलं तू. माह्यं नसतं ऐकलं.”

खरं होतं ते. तिनं तसं सांगितलं असतं तर मी भावाला बोलावलं असतं, डॉक्टरांना तिला समजवायला लावलं असतं, शेजारणींना आणून बसवलं असतं. आणि त्या सकाळीही मी तेच केलं. मी चिडले. एवढी गाडी कोणासाठी केली, असं म्हटलं. मी एकटी राहीन, असंही म्हटलं, आणि ते म्हणायला नको होतं. तिनं चप्पल घातली आणि गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर आम्ही अकरा वेळा यवतमाळला गेलो. गाडी छान चालत होती. आई उजव्या कुशीवर निजायची, एक शब्द बोलायची नाही. आधी ती हळू घे म्हणायची, अगं बाई गं म्हणायची, टिप्परवाल्यांना शिव्या द्यायची. आता काहीच नाही. त्या शांततेत मला चालवणं जड जायला लागलं. कधीकधी मी मुद्दाम एखाद्या खड्ड्यात जोरात घालायची, तिनं काही बोलावं म्हणून. गाडी सांभाळून घ्यायची.

मशीनवरच्या दर पाळीनंतर तिचं वजन करत. ते उतरत होतं, पाण्याचं नव्हे, तिचं स्वतःचं. भावाला मी फोनवर सगळं सांगितलं. तो आधी खूप बोलला, आणि मग तुला जे बरं वाटेल ते कर, म्हणाला. असं बोलून माणसं मोकळी होतात. पण त्याला दोष देऊन काय करू.

बाराव्या पाळीच्या दिवसानंतर आई नऊ दिवस राहिली. भाऊ आला होता. त्या नऊ दिवसांचं मी लिहिणार नाही, ते आमच्या तिघांचे आहेत. त्या बाराव्या पाळीच्या सकाळचं तेवढं लिहिते.

सहा वाजले होते. आई ओसरीवर पातळ नेसून, चप्पल घालून बसली होती. माझ्यासाठी ती आणखी किती वेळा अशी बसली असती कोण जाणे. मी गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभी राहिले आणि मला पुढं पाऊल टाकता येईना. सरळ बोलणं मला जमलं नसतं, मी पुन्हा रडले असते नाहीतर भांडले असते. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

“आई, आज नको जाऊ,” मी म्हटलं. “गाडी लय आदळून राह्यली. तुले सोसणार नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं तो गाठींचा हात माझ्या मांडीवर ठेवला.

“हो व माय,” ती म्हणाली. “लयच आदळते.”